धुराड्यात पैसा आहे का? कार्बन पकडायच्या आधी गिऱ्हाईक शोधा



मागच्या आठवड्यात चंद्रपूरहून एका तरुणाचा फोन आला. वडील कोळसा खाणीतून निवृत्त झालेत, हातात ८ लाख आहेत. कुणीतरी त्याला सांगितलं, "कार्बन कॅप्चर म्हणजे पुढचं सोलर. आत्ताच एजन्सी घे, नंतर मिळणार नाही." तो मला म्हणाला, "सर, भरू का पैसे? धुराडी घरासमोरच आहेत, माल तर फुकट आहे!"

मी म्हटलं, "अरे, माल फुकट आहे हे खरं. पण तो वेगळा काढायला खर्च किती, आणि विकत घेणार कोण?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आजचा हा लेख.

आधी विषय समजून घ्या

२०२४-२५ मध्ये आपल्या देशाचं कोळशाचं उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या वर गेलं. १० युनिट वीज तयार होते त्यातली साधारण ७ अजून कोळशावरची आहेत. दुसरीकडे, २०७० पर्यंत नेट झीरो करू असं आपण २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जगाला सांगितलंय. या दोन्हींचा मेळ घालायचा एक उपाय म्हणून कार्बन कॅप्चरचं नाव घेतलं जातं. धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, आणि एकतर तो वापरायचा, नाहीतर दाब देऊन जमिनीखाली खोल खडकात साठवायचा.

हे थोतांड नाही बरं का. नॉर्वेत स्लाइपनर इथे १९९६ पासून समुद्राच्या तळाखाली हा वायू साठवतायत.

मग घोडं कुठं अडतं?

कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम १२ ते १५ टक्के. बाकी बहुतेक नायट्रोजन. तो वेगळा काढायला धूर एका रसायनातून धुवावा लागतो आणि मग ते रसायन वाफेनं तापवावं लागतं. ही वाफ येते त्याच वीज केंद्रातून. सगळा धूर असा धुवायचा तर केंद्राची २० ते ३० टक्के ऊर्जा त्यातच जाते. तुमच्या खानावळीत १०० ताटं होतात आणि त्यातली २५ भांडी घासणाऱ्यांनाच द्यावी लागली, तर ताटाचा भाव काय लावाल?

आता आकडा बघा. मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात एनटीपीसीनं रोज २० टन पकडणारा प्रकल्प उभारलाय. चांगली सुरुवात आहे. पण हे केंद्र ४,७६० मेगावॅटचं. एका युनिटमागे साधारण ९०० ग्रॅम धरा आणि केंद्र ८० टक्के क्षमतेनं चालतंय असं धरा. रोजचे ८० हजार टन होतात. त्यातले २० टन!

माझं मत स्पष्ट आहे. या तंत्रावर सरकारनं पैसा लावावा, पण आधी सिमेंट आणि पोलादासाठी. सिमेंटमध्ये निम्म्याहून जास्त कार्बन चुनखडीतूनच निघतो, कोळसा बंद केला तरी तो निघणारच. विजेला मात्र सूर्य आहे, वारा आहे. "पुढे कार्बन पकडू ना" असं म्हणत नवी कोळसा केंद्रं बांधणं म्हणजे उद्याच्या वसुलीवर आज उधारी वाढवणं.

काहीजण म्हणतील, सर, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात हजारो घरं कोळशावर जगतात, त्यांचं काय? प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणूनच तिथल्या पोरांची पुंजी न समजणाऱ्या एजन्सीत अडकू नये, असं मला वाटतं.

धंदा कुठे आहे?

जिथे गिऱ्हाईक आहे तिथे. अमेरिकेत टेक्सासमधला पेट्रा नोव्हा प्रकल्प पकडलेला वायू तेलविहिरींना देत होता. २०२० मध्ये तेलाचे भाव पडले आणि प्रकल्प बंद ठेवावा लागला. २०२३ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. यंत्रं तीच होती, फक्त गिऱ्हाईक फिरलं होतं. उलट आपल्या तुतिकोरिनमध्ये २०१६ साली कोळशाच्या बॉयलरमधला वायू पकडून सोडा अॅश बनवायला घेतला. तंत्र आयआयटी खरगपूरच्या दोन तरुणांच्या कंपनीचं. तिथे कारखान्याला हा वायू कच्चा माल म्हणून हवाच होता.

आता आपल्या साखर पट्ट्यात या. डिस्टिलरीत मळी आंबते तेव्हा जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरभर इथेनॉलमागे साधारण पाऊण किलो. म्हणजे रोज १ लाख लिटरच्या एका डिस्टिलरीतून ७५ टन, विंध्याचलच्या प्रकल्पाच्या तिपटीहून जास्त, आणि वेगळा काढायची कटकट फारशी नाही. गिऱ्हाईकही ठरलेलं: कोल्ड्रिंक, वेल्डिंग, आग विझवायचे सिलिंडर, ड्राय आइस. वायू भरायचा प्लांट मोठ्या भांडवलाचं काम आहे, पण वितरण किंवा ड्राय आइस पुरवणं छोट्या माणसाच्या आवाक्यातलं आहे. सिलिंडर साठवायच्या आधी पेसोच्या परवान्याचे नियम मात्र बघा. त्यांचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

आणि चंद्रपूरकरांनो, तुमच्याकडे राख आहे. आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते आणि वीज केंद्रांनी ती पूर्ण वापरात आणावी असा नियम आहे. फ्लाय अॅशच्या विटा घेणारा बिल्डर तुम्हाला गावातच भेटेल. स्पर्धा आहे, वाहतुकीचा खर्च आहे, पण हिशेब निदान कागदावर मांडता येतो.

तुमचा गृहपाठ

कुणी "कार्बन"च्या नावानं पैसे मागितले, तर तीन प्रश्न विचारा:

१. वायू किती शुद्ध आहे आणि वेगळा काढायचा खर्च कोण करणार?
२. सरकारी मदत उद्या थांबली तर विकत कोण घेणार?
३. आज, या क्षणी पैसे देणारं एक तरी गिऱ्हाईक फोनवर बोलायला मिळेल का?

तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं, तर पाकीट खिशातच ठेवा.

त्या मुलानं पैसे भरले नाहीत. सध्या तो विटांच्या कारखान्यांत फिरून दर लिहून आणतोय. वडिलांचे ८ लाख अजून बँकेतच आहेत, आणि हिशेब पूर्ण होईपर्यंत ते तिथेच राहू दे, असं मी त्याला सांगितलंय.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, आधी गिऱ्हाईक, मग गुंतवणूक!