रात्री उठणाऱ्याचा तंबू



दिवाळी सरली आणि कृष्णाकाठी थंडीची चाहूल लागली, की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, मुलगा-सून नातवंडांना घेऊन डोंगरावर तंबूत मुक्कामाला निघाली आहेत. आम्हालाही चला म्हणतात. जावे का?’ प्रकृती तपासून मी बहुतेकांना ‘अवश्य जावे’ असेच सांगतो. मात्र त्यापाठोपाठ विचारतो, ‘तंबू कोणता घेतला आहे?’ औषधांऐवजी तंबूची चौकशी ऐकून मंडळी चकित होतात.

या चौकशीमागे माझीच एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाचे कुटुंब, त्याची दोन लहान मुले आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील यांच्यासह आम्ही धोमच्या जलाशयाकाठी मुक्काम केला. तंबू मीच निवडला होता, आणि निवडताना केवळ वजन पाहिले होते. दोन किलोंचा, एकाच दाराचा, बसता क्षणी डोके छताला लागेल इतका बुटका. वडिलांना थंडी लागू नये म्हणून त्यांना आतल्या बाजूस निजवले आणि मुलांना दाराशी. पहाटे तीनच्या सुमारास वडील लघवीस उठले. नातवाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून अंधारात त्याला ओलांडू गेले, तोल गेला आणि मनगटाचे हाड मोडले. त्यांचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. डॉक्टर असूनही मला तो प्रसंग आधी दिसला नाही, याची खंत आजही वाटते.

तेव्हापासून मी एकच कसोटी मानतो. रात्री ज्याला उठावे लागणार, त्याच्या सोयीने तंबू निवडावा. साठीनंतर रात्री एक-दोनदा उठणे सामान्यच आहे, आणि लहान मुलांनाही उठवून न्यावे लागते. म्हणून समोरासमोर दोन दारे असलेला तंबू घ्यावा. त्यामुळे कोणी कोणास ओलांडत नाही. मध्यभागी निदान गुडघ्यांवर ताठ बसता येईल इतकी उंची असावी. दुखऱ्या गुडघ्यांना रांगत बाहेर पडून एकदम उभे राहणे जड जाते.

वेष्टणावरील ‘चार माणसांचा’ या शब्दांवर विसंबू नये. ती चार माणसे खांद्याला खांदा लावून निजलेली असतात. घरच्या फरशीवर खडूने तंबूच्या मापाची चौकट आखावी आणि सर्वांनी तीत निजून पाहावे. आजी-आजोबा, आई-वडील आणि एक मूल असे पाच जण असतील, तर एका मोठ्या तंबूपेक्षा दोन लहान तंबू शेजारी लावणे पुष्कळदा सोयीचे ठरते, आणि ओझेही दोन पाठींवर विभागते.

ओझ्याचा विचार अर्थातच हवा. आपल्याकडचे मेंढपाळ धनगर बिऱ्हाडासह हिंडतात, पण त्यांचा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. आपला मात्र आपल्याच गुडघ्यांवर. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक भार नसावा. अठरा किलोंच्या मुलाने पावणेदोन किलोच न्यावेत. ज्येष्ठांनी पाणी, औषधे आणि काठी एवढेच घ्यावे. तंबूचे कापड एकाकडे, दांडे दुसऱ्याकडे असे वाटून घेतले, तर अर्धा किलो अधिक वजनाचा सोयीचा तंबूही सहज नेता येतो. हलकेपणासाठी दुसरे दार आणि शिवलेला तळ सोडू नये.

शिवलेल्या तळाविषयी थोडे सविस्तर सांगतो. आपल्या भागात विंचू आणि मण्यार दोन्ही आहेत. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करते, आणि तो पुष्कळदा जाणवतही नाही. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर परिणाम करतो. महाबळेश्वरच्या घाटाखाली महाडमध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि असंख्य प्राण वाचले. ते औषध मात्र रुग्णालयातच द्यावयाचे असते. दंशानंतर मुलास घाम, उलट्या किंवा हातपाय गार पडणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ ला फोन करावा. तळ भिंतींना शिवलेला असावा, चेन नेहमी लावलेली असावी, बूट आत ठेवावेत आणि घालण्यापूर्वी झटकावेत.

तंबू दुहेरी असावा, म्हणजे आत जाळीचा आणि वर पाणी न शिरणारा. चार-पाच माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात निघणारी वाफ लिटरभराच्या घरात जाते. एकेरी तंबूत तीच थेंब होऊन अंथरुणावर गळते, आणि दमेकऱ्यांना तो ओलावा सोसत नाही. पाचगणी-महाबळेश्वरकडील जांभ्याच्या कातळात खुंटी शिरत नाही. तेथे स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा तंबू उपयोगी पडतो, मात्र वाऱ्यासाठी त्याचे दोर दगडांना बांधावेत. जाण्यापूर्वी मुक्कामाची परवानगीही काढावी.

थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी, कोळसे किंवा गॅस कदापि पेटवू नये. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळच्या आठ पर्यटकांचा बंद खोलीत गॅस हीटर लावून निजल्यामुळे मृत्यू झाला, त्यांत चार मुले होती. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उबेसाठी अंगाखाली जाड चटई घालावी, कारण थंडी जमिनीतूनच अधिक शिरते.

शेवटी, निघण्यापूर्वी एक रात्र गच्चीवर किंवा अंगणात त्याच तंबूत काढावी. आजोबांनी दाराशी निजावे, उशाशी बॅटरी ठेवावी, उठताना क्षणभर बसून मगच उभे राहावे. लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास तिची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावी. गच्चीवर जी अडचण येईल, ती घरातच दूर करता येते.

आमचे वडील त्यानंतर पुन्हा एकदा आमच्याबरोबर मुक्कामास आले. तंबूला दोन दारे होती. पहाटे ते एकटेच बाहेर पडले आणि नातवंडांना उठवून त्यांनी पाण्यावरचे धुके दाखवले.