संसदेतले ऐनवेळचे विषय

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस आली की जाणता सभासद शेवटची ओळ आधी पाहतो : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ मेख तिथेच असते. तरीही पोटनियमांची दुरुस्ती या ओळीखाली उरकता येत नाही, तिची आधी नोटीस द्यावी लागते. लोकसभेत मात्र देशाचे कायदे असे बदलता येतात.

लोकसभेचा नियम ८० सांगतो की दुरुस्ती विधेयकाच्या कक्षेतली आणि त्या कलमाच्या विषयाशी संबंधित हवी. मार्च २०१७ मध्ये वित्त विधेयकावर अर्थमंत्री अरुण जेटलींनी हीच अट स्थगित करून घेतली. मग करांच्या विधेयकात न्यायाधिकरणांचे विलीनीकरण आले, आणि कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही उडाली. (असे स्थगितीचे प्रस्ताव आधीच्या सरकारांनीही आणले होते, पुण्यवान कोणीच नाही.)

समर्थक म्हणतात, नियम ३८८ प्रमाणे सभागृह स्वतःचा नियम स्थगित करू शकते, मग बिघडले काय? अधिकार आहे, मान्य. पण नियम असतो अल्पमताच्या आणि बाहेरच्या नागरिकाच्या रक्षणासाठी. बहुमताला वाटेल तेव्हा तो बाजूला ठेवता आला, तर तो फक्त विरोधकांच्याच दुरुस्त्या अडवायला उरतो.

दुसरा युक्तिवाद घाईचा. कर वेळेत लागू व्हावेत, हे खरे. देणग्यांची मर्यादा उठवण्याची कसली घाई होती? त्यासाठी कंपनी कायद्याचे स्वतंत्र विधेयक आणता आले असते. ते राज्यसभेलाही मंजूर करावे लागले असते. वित्त विधेयक मात्र धन विधेयक म्हणून आले होते, आणि धन विधेयकावर राज्यसभा फक्त शिफारस करू शकते. त्या वर्षी तिने पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने पाचही फेटाळल्या. घाई कशाची होती, ते इथे कळते.

मतदान झालेच ना, हा तिसरा मुद्दा तर पोकळच. रांजणगावच्या कामगाराला किंवा पाटसच्या शेतकऱ्याला आपल्या खासदाराकडे हरकत नोंदवायची, तर विषय आधी कळायला हवा.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांबरोबर देणग्यांची ती मोकळीकही घटनाबाह्य ठरवली. तोवर जवळपास सात वर्षे उलटली होती.

म्हणून करांपलीकडच्या दुरुस्तीसाठी नियम ८० स्थगित करण्यावर बंदीच हवी. शिरूरच्या खासदारांना, आणि दौंड ज्या बारामती मतदारसंघात येते तिथल्या खासदारांनाही, मतदारांनी विचारावे : पुढच्या वेळी असा प्रस्ताव आला तर तुमचे मत कोणत्या बाजूला?