'ध'चा 'मा' कुणी केला?

मागच्या रविवारी बहिणीची दोन्ही मुले घेऊन शनिवारवाड्यात गेलो होतो. दिल्ली दरवाजातून आत शिरताच नववीतला साहिल हळूच म्हणाला, "मामू, वर्गातली काही पोरं मला गारदी म्हणतात. नारायणरावांना आपल्या लोकांनी मारलं का?"

मला पटकन उत्तर सुचले नाही. त्याची मोठी बहीण आयेशा रहस्यकथांची शौकीन. ती म्हणाली, "चला, आपणच तपास करू." मग चौथऱ्याच्या सावलीत बसून आम्ही अडीचशे वर्षांपूर्वीचे प्रकरण उघडले.

घटना सर्वांना ठाऊक आहे. 30 ऑगस्ट 1773. पेशवे नारायणराव जेमतेम 18 वर्षांचे. चुलते रघुनाथराव याच वाड्यात नजरकैदेत. थकलेल्या पगारासाठी गारदी आत घुसले आणि नारायणरावांचा खून झाला. पुढे रघुनाथराव पेशवे झाले. गोष्ट अशी सांगतात की रघुनाथरावांच्या चिठ्ठीत 'नारायणरावास धरावे' असे होते. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' करून 'मारावे' केले.

"ती चिठ्ठी कुठे आहे?" आयेशाने पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

कुठेच नाही! मूळ चिठ्ठी आज उपलब्ध नाही. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत छापली ती 1826 मध्ये, म्हणजे खुनानंतर 53 वर्षांनी. आनंदीबाईंचे नाव त्यानेही लोकांचा समज म्हणूनच दिले आहे. पुढे खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' नाटक आले, 1944 मध्ये प्रभातचा 'रामशास्त्री' चित्रपट आला, आणि ही कहाणी घराघरांत पोचली.

कागद शोधणाऱ्यांनी मात्र कसूर केली नाही. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली आणि साधनांचे 22 खंड काढले. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद 45 भागांत छापले. यातली बरीच मंडळी पगारी इतिहासकार नव्हती, हौसेने काम करणारी होती. त्यांनी रुमालच्या रुमाल उपसले, पण ती चिठ्ठी सापडली नाही.

आयेशा विचार करत म्हणाली, "मामू, चिठ्ठी बदलली असं मानलं तर फायदा कुणाचा? रघुनाथरावांचाच. त्यांनी फक्त पकडायला सांगितलं होतं असं ठरतं, आणि सगळा दोष बायकोच्या माथी जातो."

मी थक्क झालो. रामशास्त्री प्रभुणे यांनी त्या काळी तपास करून रघुनाथरावांनाच दोषी धरले होते, हे तर प्रसिद्धच आहे. तरी आजही भांडखोर बाईला लोक 'आनंदीबाई' म्हणतात.

आता साहिलचा प्रश्न. गारदी ही जात नव्हे, धर्मही नव्हे. ते युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेले पगारी पायदळ. या खुनात जी मुख्य नावे येतात ती सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ अशी. त्यांच्यासोबत रघुनाथरावांचा खास नोकर तुळाजी पवारही होता. दोष ज्याचा त्याचा. महंमद इसफचा गुन्हा नावामुळे लपत नाही आणि तो साहिलच्या माथीही येत नाही. आणि त्याआधी बाराच वर्षे, 1761 मध्ये, पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून जीव देणारे इब्राहिमखानही गारदीच होते.

साहिल बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "उद्या वर्गात हे सांगतो. पण भांडणार नाही."

वाचक भगिनी-बंधूंनो, खुनाचा हुकूम नेमका कुणी दिला, हे आमच्या तपासात सुटले नाही. पण मुलांना तीन प्रश्न मिळाले: मूळ कागद कुठे आहे? हे पहिल्यांदा कोण, केव्हा म्हणाले? आणि ही गोष्ट खरी मानली तर फायदा कुणाचा? मोबाईलवर रोज येणारे संदेश पुढे ढकलण्याआधी आपणही हे तीन प्रश्न विचारू या. त्यातही कुणीतरी 'ध'चा 'मा' केलेला असतो, आणि कुणाच्या तरी पोराला त्याची झळ बसते.