अधिक व्याजाचें मोल

परवां लातूरचा पुतण्या नांदेडास आमचे घरीं आला व म्हणाला, “काका, आत्याच्या शेतविक्रीचे पैसे बँकेंत कशाला ठेवावयाचे? कंपन्यांच्या अधिक व्याजाच्या रोख्यांचे फंड असतात. ते शेअरबाजारांत केव्हांही विकतां येतात.”

विकतां येणें आणि मुद्दल सुरक्षित असणें ह्या दोन भिन्न गोष्टी होत. ज्या कंपनीची पत उणी, तिला कर्जासाठीं अधिक व्याज द्यावें लागतें. तें धनकोनें पत्करलेल्या धोक्याचें मोल होय. अमेरिकेंत असे फंड २००७ पासून बाजारांत आहेत. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्यें महामारीच्या भीतीनें त्यांचे भाव महिनाभरांत सुमारे पंचमांशानें उतरले. गिऱ्हाईक होतें, परंतु पडत्या भावाचें. आपल्याकडे डिसेंबर २०१९ मध्यें निघालेला भारत बाँड ईटीएफ सरकारी कंपन्यांचे सर्वोच्च पतीचे रोखे घेतो. म्हणूनच त्याचें उत्पन्न माफक असतें.

माजघरांतून भगिनीनें विचारलें, “दादा, मला औषधाला पैसे लागतील त्या दिवशीं बाजार चढलेलाच असेल काय?” पुतण्या निरुत्तर झाला.

ठराविक वेळीं लागणारा पैसा बँकेंतच असावा. वर्षानुवर्षें लागणार नाहीं तेवढाच अंश अशा साहसांत घालावा, हें गृहस्थानें ध्यानांत ठेवावें.