एका दिवसाची सहल : जिंजीचा किल्ला

चेन्नईत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे गावाकडचे पाहुणे आले, की त्यांना कुठे न्यायचे हे जवळजवळ ठरलेलेच असते. एक दिवस महाबलिपुरम्, एक दिवस कांचीपुरम् आणि उरलेला वेळ साड्यांच्या दुकानांत! जिंजी मात्र राहूनच जाते. शाळेच्या पुस्तकात हे नाव वाचलेले असते, पण हा किल्ला एका दिवसात पाहून परत येता येते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

चेन्नईहून जिंजी साधारण १६० किलोमीटर, तर पुदुच्चेरीहून सुमारे ७० किलोमीटर आहे. तिंडिवनममार्गे तिरुवन्नामलईला जाणारी बस जिंजी गावात थांबते. मात्र चौकशी करताना ‘सेंजी’ म्हणावे. तिकडे हेच नाव सर्वांच्या तोंडी आहे. पहाटे पाचला निघालेले कुटुंब नाश्त्यासाठी वाटेत थांबूनही दहाच्या सुमारास गडाच्या पायथ्याशी पोहोचते.

जिंजी म्हणजे एक डोंगर नव्हे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्यांना तटाने एकत्र बांधून हा त्रिकोणी किल्ला उभा राहिला आहे. एकमेकांवर रचून ठेवल्यासारख्या प्रचंड शिळा पाहून सह्याद्रीतल्या गडांची सवय असलेला माणूसही थबकतो. एका दिवसात तिन्ही टेकड्या होत नाहीत, तेव्हा राजगिरीच निवडावी. आजी-आजोबांनी चढण्याचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी पायथ्याशीच मजल्यांवर मजले चढलेला कल्याण महाल, धान्याची भव्य कोठारे, तलाव आणि मंदिरे आहेत.

राजगिरीची उंची सुमारे २४० मीटर. पायऱ्या चढता चढता मुले हमखास विचारतात, ‘‘आपले राजे इतक्या लांब कशाला आले?’’

या प्रश्नाचे उत्तर रायगडावर आहे. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत जिंजी जिंकली आणि तिची तटबंदी भक्कम केली. पुढे मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची औरंगजेबाने हत्या केली आणि मोगलांचा वेढा रायगडाला पडला. सारे राजघराणे एकाच गडावर सापडले असते, तर स्वराज्य तिथेच संपण्याची भीती होती. अशा वेळी १९ वर्षांच्या राजाराम महाराजांनी बाहेर पडावे, हा निर्णय येसूबाईंचा होता असे मानले जाते. पतीच्या मृत्यूचे दुःख ताजे असताना त्यांनी दिराला वाटेला लावले आणि स्वतः लहानग्या शाहूसह मागे राहिल्या. त्याच वर्षी रायगड पडला आणि मायलेक कैद झाले. येसूबाईंची सुटका झाली ती थेट १७१९ मध्ये, म्हणजे जवळजवळ ३० वर्षांनी!

इकडे जिंजी स्वराज्याची राजधानी झाली. झुल्फिकारखानाने १६९० मध्ये घातलेला वेढा सुमारे आठ वर्षे चालला. १६९२ च्या अखेरीस तर संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी वेढा घालणाऱ्यांनाच कोंडीत पकडले. १६९८ च्या सुरुवातीला किल्ला पडला, पण तोवर राजाराम महाराज निसटले होते. ते वेलोरमार्गे महाराष्ट्रात पोहोचले.

किल्ला इतका का टिकला, हे माथ्याजवळ पोहोचल्यावर कळते. तिथे खडकात एक खोल घळ आहे आणि ती ओलांडायला एक लहानसा पूल. पूल काढून घेतला, की मूठभर माणसेही वाट रोखून धरू शकत. पलीकडे रंगनाथाचे मंदिर आहे. वाऱ्यावर घाम सुकवत खाली पाहिले, की तटाची रेषा टेकड्यांवरून वळत गेलेली दिसते.

गावकऱ्यांसाठी मात्र हा किल्ला राजा देसिंगचा. १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना पडलेल्या या तरुण बुंदेला राजाची लोकगीते तमिळ मुलखात आजही प्रसिद्ध आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी!

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सहलीला चांगला. चढाई सकाळीच सुरू करावी, कारण दुपारनंतर उशिरा वर सोडत नाहीत. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली हवी, पायांत चपलांऐवजी बूट हवेत. खाऊच्या पिशव्या मात्र जपाव्यात, माकडे फार धीट आहेत!

उतरताना मुलांना येसूबाईंची गोष्ट जरूर सांगावी. जिंजीच्या बखरीत लढवय्यांची नावे पुष्कळ येतात. पण ज्या माउलीने मागे राहून हा गड स्वराज्याच्या उपयोगी आणला, तिला तो कधी पाहायलाही मिळाला नाही.