बंगल्यातले भूत आणि वस्तीतले भूत

वस्तीतल्या बाईच्या अंगात आले की ती अडाणी ठरते. साहेबाच्या बंगल्यात मेज हलले की ती 'परलोकविद्या' होते! हा दुजाभाव दीडशे वर्षे जुना आहे आणि त्याची पाळेमुळे व्हिक्टोरिया राणीच्या काळात आहेत.

१८४८ साली अमेरिकेतील फॉक्स भगिनींनी, मृतात्मे टकटक आवाज करून आपल्याशी बोलतात, असा दावा केला. हे वेड इंग्लंडच्या दिवाणखान्यांत पोहोचले. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८५३ मध्ये त्याची परीक्षा घेतली. मेज आणि हात यांच्यामध्ये त्याने सरकणारे पुठ्ठे ठेवले. मेज हाताला ओढत नव्हते, हातच नकळत मेज ढकलत होते! हाताची हालचाल दाखवणारा काटा बसणाऱ्यांना दिसू लागताच मेज हलायचे थांबले. पुढे १८८८ मध्ये मार्गारेट फॉक्सने न्यूयॉर्कमध्ये भर सभेत कबुली दिली की, ते आवाज पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढले जात. वर्षभराने तिने ती कबुली मागे घेतली, पण आवाज कसा निघतो हे लोकांनी ऐकले होते.

हीच हवा १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबई बंदरात उतरली. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक मॅडम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट आधी गिरगावात व नंतर ब्रीच कँडीच्या 'क्रोज नेस्ट' बंगल्यात राहिले. अदृश्य घंटा, अचानक प्रकटणारी पत्रे अशा चमत्कारांची चर्चा शिकलेल्या वर्गात होऊ लागली. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे कर्ते मृतात्मे नसून हिमालयातील महात्मे होते. कर्ता बदलला, पण मांडणी तीच. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूमसाहेबही काही काळ या नादी लागले. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने रिचर्ड हॉजसन यांना चौकशीस पाठवले. १८८५ च्या अहवालात त्यांनी हे सारे लबाडी ठरवले. १९८६ मध्ये व्हर्नन हॅरिसन यांनी त्या अहवालातील हस्ताक्षराच्या पुराव्यावर गंभीर आक्षेप घेतले, हेही नमूद केले पाहिजे. पण तपास सदोष होता म्हणून चमत्कार सिद्ध होत नाही. पुराव्याचा कायदा जुना असो की १ जुलै २०२४ पासूनचा नवा, दावा करणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा असतो.

त्याच १८८२ साली, सोसायटीने आपले ठाणे मद्रासजवळच्या अड्यारला हलवले तेव्हा, महात्मा जोतीराव फुले हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मागत होते. एकीकडे अदृश्य महात्म्यांची पत्रे, दुसरीकडे हाडामांसाच्या महात्म्याचे निवेदन. समाज कशाने पुढे गेला, हे वाचकांनीच ठरवावे.

ऑल्कॉट यांच्याविषयी मात्र कृतज्ञता हवी. १८८० मध्ये श्रीलंकेत त्यांनी पंचशील ग्रहण केले. १८९४ मध्ये मद्रासमध्ये अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली. १८९८ मध्ये पंडित अयोतिदास त्यांच्याबरोबर श्रीलंकेला जाऊन बौद्ध झाले. ऑल्कॉट यांचे हे काम टिकले, आणि त्यासाठी एकाही अदृश्य घंटेची गरज पडली नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. आपल्या मराठवाड्यात 'भानामती' म्हणताच संशय कोणावर जातो? विधवेवर, एकट्या बाईवर, दलित घरावर. बंगल्यातले भूत करमणूक करते, वस्तीतले भूत माणूस मारते. भोकरदन-जाफराबादपासून मंठा-परतूरपर्यंत प्रत्येक कार्यकर्त्याला कायदा तोंडपाठ हवा. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर आधी वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, करणी केल्याचा आळ घेऊन छळणे हा गुन्हा आहे. किमान सहा महिने, कमाल सात वर्षे कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. पोलीस "आपसात मिटवा" म्हणत असतील तर मिटवू नका, फिर्याद लेखी द्या.

आणि आपल्या घराचे काय? वसतिगृहातली आपली मुले रात्री वाटी फिरवून प्लँचेट करतात. आपल्याच वस्तीतल्या श्रद्धांजलीच्या फलकावर 'मृतात्म्यास चिरशांती लाभो' असे लिहिलेले असते! 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्यावरील विश्वासाला अधम्म म्हटले आहे. बावीस प्रतिज्ञांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान नाकारते. आत्माच नाही तर शांती कोणाला? गेलेल्या माणसाची आठवण पुसावी असे धम्म सांगत नाही. त्या आठवणीने जिवंतांचे भले करावे, असे सांगतो. बापाच्या पुण्यानुमोदनाला जेवणावळीऐवजी वस्तीतल्या वाचनालयाला पुस्तके द्या, एका मुलीची फी भरा. मेलेल्यांना बोलावण्यापेक्षा जिवंतांची हाक ऐका.

जयभीम!