स्टील भारी की हस्की?

निवडणूक नसते तेव्हा आपल्या पेठच्या स्टँडजवळच्या टपरीवर कशावरून जुंपते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. कटरवरून. कटर म्हणजे झाड कापायची पेट्रोलची मशीन, बिलावर जिला चेनसॉ लिहितात ती. एका बाकड्यावर स्टीलवाले, समोरच्या बाकड्यावर हस्कीवाले, आणि मधे चहाचा ग्लास धरून माझ्यासारखा पत्रकार, ज्याला दोरी ओढून मशीन चालूसुद्धा करता येत नाही.

"तुझी स्टील म्हणजे जावई आहे जावई. तेलपण तिला कंपनीचंच लागतं."

"आणि तुझी हस्की? सकाळी दोरी ओढता ओढता तुझा खांदा उतरतो. झाड कापणार कधी तू?"

"खांदा उतरंल माझा, पण एकदा लाकडात शिरली का मंग बघ."

हे दोघं एकमेकांचे साडू आहेत. नावं लिहीत नाही, पेठमध्ये लिहायची गरजही नाही. वाद पाच-सहा वर्षांपासून चालू आहे आणि दोघांपैकी कुणालाही तो संपायला नको आहे.

आता गंमत अशी की दोन्ही मशीन नारिंगी. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. महाराष्ट्रात एकाच रंगाचे दोन पक्ष एकमेकांशी का भांडतात हे ज्याला समजलं, त्याला हेही समजेल. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत, कॅनडात, युरोपात लाकूडतोडे अनेक वर्षं याच दोन नावांवरून भांडतायत. तिकडे स्टील कंपनी १९८५ पासून लाकूड कापायच्या स्पर्धाच भरवते, खेळाडू काय, पंच काय, प्रेक्षक काय. आपल्याकडे टपरी आहे.

स्टीलला आपल्याकडे काही जणांनी 'स्टीलची असते म्हणून स्टील' असं ठरवून टाकलंय. तसं नाही. अँड्रियास श्टील नावाच्या माणसाने १९२६ साली जर्मनीत कंपनी काढली. त्याची पहिली मशीन विजेवर चालायची, वजन ४८ किलो, उचलायला दोन माणसं. एकट्या माणसाला चालवता येईल अशी पेट्रोलची मशीन यायला १९५० उजाडलं. हस्कवर्ना तर फारच जुनी. १६८९ साली, म्हणजे ज्या वर्षी इकडे संभाजी महाराजांचं बलिदान झालं त्याच वर्षी, तिकडे स्वीडनमध्ये राजासाठी बंदुका बनवायचा कारखाना म्हणून ती सुरू झाली. मग शिलाई मशीन, सायकली, मोटरसायकली, आणि १९५९ पासून चेनसॉ. याच नावाच्या बाइक आता बजाज चाकणला बनवतं, तो धंदा वेगळा झालाय. पण आमच्या हस्कीवाल्याला ते सांगू नका, तो बाइकचं श्रेयही स्वतःकडे घेतो.

मी एकदा दोघांना गप्प केलं होतं. म्हटलं, तुमच्या दोघांच्या मशीनवरची चेन ज्या कल्पनेवर चालते ती ना जर्मन ना स्वीडिश, ती अळीची आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याने ओंडका पोखरणारी भुंगेऱ्याची अळी बघितली. अळी सरळ आत न घुसता डावीकडे-उजवीकडे जबडा फिरवत आडवं-उभं लाकूड खात होती. त्याने तसेच दात बनवले, डावा-उजवा, डावा-उजवा. आज बहुतेक सगळ्या चेन त्याच पद्धतीच्या. आपल्या आंब्यात जी अळी शिरली की आपण शिव्या घालतो, तिचीच बहीण. दोघं मिनिटभर शांत बसले. मग स्टीलवाला म्हणाला, "अळीपण स्टीलचीच असणार."

इथपर्यंत हसून झालं. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

दोन पावसाळ्यांपूर्वी जुलैत सावळघाटात सादड्याचं मोठं झाड रस्त्यावर आडवं पडलं. रात्रीचे नऊ-साडेनऊ, पाऊस असा की वायपर चालून उपयोग नाही. मी नाशिकहून येत होतो. अलीकडे एसटी, दोन टेम्पो, आणि पलीकडे एका जीपमध्ये नाशिकला दवाखान्यात निघालेली एक म्हातारी. फोनाफोनी झाली. ज्यांनी यायला हवं होतं ते येईपर्यंत हे दोघं साडू एकाच मोटरसायकलवर, मधे दोन कटर घेऊन हजर. मोबाइलच्या आणि एसटीच्या उजेडात काम सुरू. आधी स्टील चालली. खोड अर्धं कापलं आणि ते स्वतःच्या वजनाने मधे बसलं, पट्टी फटीत आवळली गेली. मशीन जाम. ज्यांनी कापलंय त्यांना माहीत आहे, असं खोड वरून कापलं की दाबलं जातं, मग खालून कापावं लागतं. हस्कीवाल्याने खालून कापलं आणि स्टील सोडवली. थोडं पुढे गेला तर झाडात खिळा. कधीकाळी कुणीतरी क्लासची पाटी ठोकली असेल. हस्कीच्या चेनची धार गेली. उरलेलं झाड स्टीलने कापलं. पाऊण तासात जीप निघाली.

दुसऱ्या दिवशी टपरीवर निकाल काय लागला असेल? एकाचं म्हणणं, मी नसतो तर तुझी मशीन अजून घाटातच असती. दुसऱ्याचं म्हणणं, खिळ्याला घाबरली ती मशीन कसली.

मागच्या पावसाळ्यात परत फोन आला. "ये रे, रस्त्यावर फांदी आलीय." या वेळी स्टीलवाला एकटाच गेला. हाफ पँट, स्लीपर. पट्टीचं टोक आत दडलेल्या फांदीला लागलं, मशीन झटक्यात वर उसळली आणि खाली येताना मांडीत गेली. साडूने पंचा करकचून बांधला आणि पन्नासेक किलोमीटर नाशिक गाठलं. बावीस टाके. खर्च घरचा. फोन करणाऱ्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी आभाराचा मेसेज पाठवला, हात जोडलेल्या चिन्हासकट. कागदावर या माणसाला कुणी बोलावलंच नव्हतं, मग भरपाई कशाची मागायची? दोन महिने त्याची कामं हस्कीवाल्याने केली आणि निम्मे पैसे त्याच्या घरी पोचवले. हे त्याने मला सांगितलं नाही, त्याच्या बायकोने सांगितलं. कामं मात्र त्याने हस्कीनेच केली. स्टीलला हात लावला नाही म्हणे.

मी हल्ली त्या दोघांना एकच विचारतो. कुणाची भारी ते नंतर बघू, तुमच्या पँटचा ब्रँड कोणता? या कामाची खास पँट मिळते. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन कापडाला लागली की धागे बाहेर ओढले जाऊन मशीनच्या चक्रात गुंततात आणि चेन थांबते. अंगाला लागायच्या आत. सेकंदाला वीसेक मीटर वेगाने फिरणाऱ्या चेनपुढे हाफ पँट काय करणार? किंमत म्हणाल तर साध्या स्मार्टफोनइतकी. दुसरं, पुढच्या दांडीसमोर जो काळा पत्रा असतो त्याला आपली पोरं 'गार्ड' म्हणतात. तो नुसता गार्ड नाही, ब्रेक आहे. मशीन उसळली की तो पुढे ढकलला जातो आणि चेन जागच्या जागी थांबते. तो गंजलेला, चिखलाने बसलेला, किंवा 'मधे येतो' म्हणून काढून टाकलेला मी डोळ्यांनी बघितलाय. महागड्या नावाच्या मशीनवरसुद्धा. आणि ऑनलाइन पाच-सात हजारात बिननावाच्या मशीन यायला लागल्यापासून तर विचारूच नका, त्यांच्या ब्रेकवर मी माझी मांडी ठेवणार नाही. कानाला काही न लावता शंभर डेसिबलच्या वरचा आवाज दिवसभर ऐकणारे आता टपरीवर एवढ्या मोठ्याने का बोलतात, तेही लक्षात घ्या.

काही जण लिहितील, झाडं तोडणाऱ्यांचं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. तपोवनातल्या झाडांवरून नाशिककर रस्त्यावर उतरले तेव्हा मीही त्यांच्या बाजूने लिहिलं होतं. कायदाही स्पष्ट आहे. आंबा, मोह, जांभूळ, साग, खैर अशी झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी १९६४ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आदिवासी खातेदाराला आपली झाडं परस्पर व्यापाऱ्याला विकता येत नाहीत, त्यासाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे, आणि तो व्यापाऱ्यांनी मातीमोल भावात साग उचलू नये म्हणूनच झाला. राखीव जंगलात सापडलं तर हत्यारासकट जप्ती, आणि कटर हे हत्यारच. रात्री जंगलात मशीनचा आवाज येतो तो कुणाचा, याची बातमी मी करतो आणि करत राहीन. पण म्हणून घाटात पडलेलं झाड उचलायला जो जातो त्यालाही आपण चोराच्या नजरेनेच बघायचं का? फिलिपाइन्समध्ये २००२ पासून चेनसॉ बाळगायला नोंदणी लागते. आपल्याकडेही तालुक्यापुरती नोंद ठेवली तर दोन्ही कामं होतील. रात्री कुणाची मशीन कुठे वाजते ते कळेल, आणि पावसात कुणाला बोलवायचं तेही.

दरवर्षी जूनच्या आधी तालुक्याची मान्सूनपूर्व बैठक होते. त्यात जेसीबी किती, बोटी किती, पट्टीचे पोहणारे किती, याची यादी असते. त्याच यादीत कटरवाल्यांची नावं घाला. घाटाच्या वरच्या अंगाला दोन, खालच्या अंगाला दोन, करंजाळी-जोगमोडीकडचे वेगळे. बोलावलं की लेखी नोंद, मग ती व्हॉट्सअॅपवर का असेना. रात्रीचा आणि दिवसाचा दर आधी ठरलेला. पँट, जाळीचं हेल्मेट, कानाचं कव्हर, हे सरकारी खर्चातून, आणि ते घातल्याशिवाय कामाला हात नाही. विम्याचा हप्ता भरा. तारेवर झाड पडलेलं असेल तर वीज बंद झाल्याचा निरोप मिळेपर्यंत मशीन चालू करायची नाही, हा नियम यादीच्या पहिल्या ओळीत लिहा. यातलं काहीच एवढं खर्चिक नाही की त्यासाठी मंत्रालयात जावं लागेल.

बैठकीच्या आधी मी हे निवेदन घेऊन जाणार आहे. दोन्ही साडूंनी सही केलीय. सहीसाठी पेन एकच होतं, आधी कोण करणार यावरून दहा मिनिटं गेली ती वेगळी. तुमच्या गावात कुणाकडे कटर असेल आणि यादीत नाव द्यायचं असेल तर मला कळवा. गाव, नाव, फोन नंबर, मशीनचा ब्रेक चालू आहे की नाही, एवढं पाठवा. मशीन कुठलीही चालेल.